बाईंचा डावा डोळा

चौथीत माझ्या वर्गाच्या बाई म्हणजे माझी आईच होती. परळच्या आमच्या म्युनिसिपल शाळेत चौथीची एकच तुकडी होती, त्यामुळे सुटका नव्हती. शाळा सुरू झाली त्या दिवशी घरातून निघतानाच तिने मला बजावलं, की शाळेच्या फाटकाच्या आत ती माझी आई नाही. आत मी तिला बाई म्हणायचं, आणि ती मला इतरांसारखीच आडनावाने हाक मारणार. हे तिने इतकं काटेकोर पाळलं, की एकदा मी कंपासपेटी घरी विसरून रडवेल्या तोंडाने तिच्यासमोर उभी राहिले, तर म्हणाली, घरी आईला सांग, दप्तर आदल्या दिवशीच तपासत जा म्हणून.

त्याच वर्षी माझ्या वहीवर लाल शाईत शेरा आला. वह्यांना कव्हरं नाहीत, पालकांनी लक्ष द्यावे, सही आणावी. संध्याकाळी मी ती वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई भाकऱ्या थापत होती. तिने हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि तो शेरा आयुष्यात पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचला. मग मला ओरडली, सही केली, आणि परत परातीशी बसत म्हणाली, "तुमच्या बाई जरा जास्तच कडक आहेत." दुसऱ्या दिवशी वर्गात तिने ती सही निरखून पाहिली आणि विचारलं, ही कुणाची. आईची, मी म्हणाले. "बरं," बाई म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे."

आमचं मूळ गाव कोकणात, मंडणगडच्या बाजूला. आमच्या वाडीतल्या मुलींमध्ये शिकलेली पहिली ती. तिच्या लहानपणी गावच्या शाळेत आमच्या मुलांना पडवीच्या कडेला, वेगळं बसवत. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही मला मागच्या बाकावर का बसवता म्हणून मी घरी कुरकुर केली तेव्हा. तिच्या वर्गात बाकं दर आठवड्याला फिरायची, प्रत्येकाला पुढचं आणि प्रत्येकाला मागचं. मी पुन्हा कधी कुरकुर केली नाही. मी सातवीत असताना वडील गेले. त्यानंतर पगार, स्वयंपाक, माझा अभ्यास, माझी दुखणी, सगळं तिने एकटीने केलं आणि वर शाळेच्या स्नेहसंमेलनाचं नाटकही बसवलं. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्या दिवशी तिने माझा डबा, रुमाल आणि नखं तपासली.

ती निवृत्त झाली आणि फंडाचे पैसे घालून आम्ही मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात एक छोटा फ्लॅट घेतला. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. परळच्या चाळीत सगळे मराठीत भांडायचे. इथे मजल्यावर गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे असे सगळे, आणि भांडण हिंदीत. आईचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं.

आमच्या समोरच्या दारात एक गुजराती बेन राहायच्या, आईच्याच वयाच्या. मी त्यांना मासी म्हणायचे. राहायला आल्यावर चार दिवसांनी जिन्यात त्यांनी आईला विचारलं, आप क्या करती हो. आई म्हणाली, "मैं बाई थी. पूरी जिंदगी बाई का काम किया. अब छूट गया, तो घर में करमत नहीं है."

आमच्या शाळेत बाई म्हणजे शिक्षिका. मीरा रोडला बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. हे दोघींपैकी एकीलाही तेव्हा माहीत नव्हतं. मासींनी आईच्या खळ घातलेल्या सुती साडीकडे आणि चष्म्याकडे पाहिलं, आणि मुंबईच्या बायका जरा नीटनेटक्याच असतात अशी मनाची समजूत घातली. त्यांनी विचारलं, किती घेता. आईने सांगितलं, की घरी येऊन केलेल्या कामाचे पैसे तिने जन्मात घेतलेले नाहीत. हे ऐकून मासींनी तिला दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला बोलावलं.

आई नवं लाल पेन आणि खडूची पेटी पर्समध्ये टाकून गेली. मासींनी तिला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि मोरी दाखवली. आदल्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे येऊन गेले होते. आईने खरकट्या भांड्यांचा ढीग पाहिला आणि तिला वाटलं, हिची कामवाली आलेली दिसत नाही, बिचारी एकटी आहे, शेजारधर्म म्हणून हात लावावा. पदर खोचून तिने सगळी भांडी घासली. नुसती घासली नाहीत, तर उंचीप्रमाणे लावून ठेवली. मग हात पुसून बाहेरच्या खोलीत आली, सोफ्यावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "अब बच्चे को बुलाओ."

मासींना काही उमगेना. कामाला आलेली बाई सोफ्यावर बसून मूल मागते आहे. त्यांनी घाबरत विचारलं, कौनसा बच्चा. आई म्हणाली, जिसको पढ़ाना है. मग पर्समधून खडूची पेटी निघाली, आणि मासी मटकन खाली बसल्या.

संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा मासी आमच्या घरात हांडवोचा डबा घेऊन डोळे पुसत बसल्या होत्या आणि आई त्यांना पाणी देत होती. झालेलं ऐकून मला राग आला. हसण्यावारी नेण्याइतकं ते मला साधं वाटलं नाही. मासी गेल्यावर मी आईला तसं म्हणाले. ती हांडवोचा तुकडा मोडत म्हणाली, "भांडीच घासली ना? माझ्या आईने जन्मभर दुसऱ्यांची घासली, म्हणून मी शाळेत गेले." आणि मग, हा पदार्थ तिखट चांगला आहे, एवढंच.

मासींच्या घरात मूल नव्हतंच. त्यांची नातवंडं भावनगरला. पण झाल्या प्रकाराची भरपाई कशी करावी हे त्यांना सुचेना, आणि तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच दारात उभ्या राहिल्या. बच्चा नहीं है, म्हणाल्या, मैं है. त्यांना मराठी पाट्या वाचायला शिकायच्या होत्या. गुजराती दोन यत्ता झालेल्या. बसची पाटी वाचता येत नाही म्हणून त्या कितीदा भलतीकडे जाऊन आल्या होत्या.

आईला विद्यार्थिनी मिळाली आणि घराला घंटा मिळाली. रोज दुपारी तीन ते चार. उशीर झाला तर कारण विचारलं जाई. एकदा मासींनी सांगितलं, की गॅसवर दाळ होती. आईने ते कारण मान्य केलं नाही.

मोठं भांडण झालं ते शिरोरेषेवरून. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. मासी मराठीही तशीच बोडकी लिहायच्या. आईने सांगितलं, अक्षराच्या डोक्यावर पदर पाहिजे. मासींनी यावर तोड काढली. आधी त्या सगळी ओळ तशीच लिहायच्या, आणि मग पट्टी ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ मारायच्या. सगळे शब्द एकमेकांना चिकटून आगगाडी व्हायची. आई म्हणायची, "बेन, मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवा." पुढे पुढे बिल्डिंगमधल्या आणखी तिघीचौघी येऊ लागल्या. आईने त्यांना उंचीप्रमाणे बसवलं.

त्या बायकांची एकदा उत्तनच्या समुद्रावर सहल काढायची ठरली. भाईंदरच्या बस स्टॉपवर आईने या सगळ्या संसारी बायकांना दोनदोनच्या रांगेत, एकमेकींचा हात धरून उभं केलं. गंमत अशी, की एकीनेही कुरकुर केली नाही. बस सुटल्यावर आईने मोजणी केली तर एक बाई जास्त भरली. आईने पुन्हा मोजलं. आयुष्यभर मूल हरवण्याची भीती बाळगलेल्या तिला, जास्तीच्या मुलाचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं. शेवटी खिडकीशी बसलेली, मांडीवर मोकळी टोपली घेतलेली एक बाई म्हणाली, "मी डोंगरीची हाय. मला घराच जायचा हाय. तुमी बोल्लाव लायनीत उभी ऱ्हा, म्हून ऱ्हायले." आईने तिची माफी मागितली. ती बाई म्हणाली, काय न्हाय, बसायला जागा गावली. उत्तनच्या अलीकडच्या त्या डोंगरी गावाला उतरताना तिने आमच्या बायकांना हात केला आणि बायकांनी एका सुरात तिला टाटा केलं.

अशी चारपाच वर्षं गेली. मग एका रविवारी मासी आई झोपलेली पाहून हळूच माझ्याकडे आल्या. हातात वही. म्हणाल्या, बेटा, हे बघ. पानभर लाल फुल्या होत्या. मी वाचलं. काहीच चुकलेलं नव्हतं. जिथे मात्रा होती तिथे आईने मात्रा नाही म्हणून फुली मारली होती, आणि 'घर'ला 'धर' समजून दोनदा अधोरेखित केलं होतं. मासी म्हणाल्या, त्यांनी आधी स्वतःलाच दोष दिला, मग शेजारणीच्या चष्म्यातून पाहिलं, मग त्यांची खात्री पटली, की अक्षर बरोबर आहे आणि बाईंना दिसत नाही. आठवडाभर त्या गप्प बसल्या होत्या, बाईंना कसं सांगायचं म्हणून. त्या दिवसांत बरोबर लिहिलेलं त्यांनी दहादहा वेळा सुधारून लिहून दिलं होतं.

मी सांगितलं तेव्हा आईने ते उडवून लावलं. मी समोर वर्तमानपत्र धरलं. ती म्हणाली, हल्ली छपाई वाईट झाली आहे.

कुणीतरी जेसल पार्कमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. आम्ही तिघी रिक्षाने गेलो. डॉक्टर पंचेचाळिशीचे, टक्कल पडलेले, गंभीर. त्यांनी आईच्या नावाचा कागद पाहिला, मग आईकडे पाहिलं, आणि खुर्चीवरून उठून सरळ तिच्या पाया पडले. परळची शाळा, चौथी, म्हणाले. आईने त्यांचा चेहरा जवळ ओढून पाहिला. मग आनंदाने आडनाव उच्चारलं. डॉक्टर 'हजर' म्हणाले.

त्यांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त पिकलेला, तो आधी करून टाकू. हे ऐकताच आई पर्स घेऊन उठली. मला वाटलं, घाबरली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, दुसरा डॉक्टर बघू.

मी विचारलं, का. ती म्हणाली, "त्याला डावं-उजवं कळत नाही."

मग तिने सगळं सांगितलं. कवायतीच्या तासाला उजवा हात वर म्हटलं, की सगळ्या वर्गाचा उजवा वर जायचा आणि याचा डावा. उजवीकडे वळ म्हटलं, की हा डावीकडे वळून शेजारच्याच्या नाकाला नाक लावून उभा. वर्षभर. त्याची आई गावाला असायची, वडील गिरणीत पाळी करायचे, शिकवायला घरी कुणी नव्हतं. शेवटी आईने त्याच्या उजव्या मनगटाला लाल लोकरीचा धागा बांधायला सुरुवात केली. धागा रोज कुठेतरी पडायचा, ती रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी नवा बांधायची. तरी फरक नाही. "आणि आता," आई म्हणाली, "तो माझा डावा डोळा कापणार."

मी म्हणाले, अगं, ते मोठे डॉक्टर आहेत, शेकडो लोकांचे डोळे करतात. आई म्हणाली, त्यातले निम्मे चुकीचे असतील.

आमच्या दारात आल्यावर मासी थांबल्या आणि आईला मराठीत म्हणाल्या, सावकाश, शब्द जुळवत, "बाई, त्याला तुम्ही शिकवला. आता त्याच्यावर भरोसा नाय, म्हणजे कोणावर भरोसा नाय? त्याच्यावर की तुमच्यावर?"

आईने किल्ली कुलपात घातली, फिरवली, आणि बराच वेळ दार उघडलंच नाही. मग म्हणाली, "वाक्यरचना बरोबर आहे." आणि ऑपरेशनचा दिवस ठरला.

त्या सकाळी आईला आत न्यायच्या आधी एका छोट्या खोलीत बसवून डोळ्यात थेंब घालत होते. नर्सने डाव्या भुवईवर शाईने खूण केली. आईने ती आरशात तपासून घेतली. मासी आणि मी बाजूला उभ्या होतो. डॉक्टर हिरवे कपडे आणि टोपी घालून आले आणि विचारलं, बाई, तयार का. आई म्हणाली, मी तयार आहे, तू आहेस का ते बघू. डावा हात वर कर.

डॉक्टरांनी हात वर केला. आईने मान हलवली. "बघ. तिथेच चुकलास."

नर्सचा थेंबांचा हात थांबला. मीसुद्धा क्षणभर गोंधळले. डॉक्टर हसले. हात तसाच वर ठेवून ते वळले, आईच्या खुर्चीशेजारी येऊन तिच्याच दिशेला तोंड करून उभे राहिले. हात डावाच होता.

"मी तुमच्यासमोर उभा होतो, बाई," ते म्हणाले. "म्हणून तुम्हाला उलटा दिसला."

मग त्यांनीच सांगितलं, की कवायतीला बाई वर्गाकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि स्वतःचा उजवा हात वर करून दाखवायच्या. बाकीची मुलं हुकूम ऐकून हात वर करायची. ते मात्र बाईंकडे बघून करायचे, आरशात करावं तसं. त्यामुळे बाईंचा हात ज्या बाजूला, त्यांचाही त्याच बाजूला. डावं-उजवं त्यांना तेव्हाही कळत होतं. बाईंसारखं करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मासी समाधानाने पुटपुटल्या, चूक बाईंची होती.

आईने विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

डॉक्टरांनी हात खाली घेतला. "सांगितलं असतं तर तुम्ही धागा बांधायचं बंद केलं असतं."

आईने चष्मा काढून माझ्या हातात दिला. नर्सला म्हणाली, चला, उशीर होतोय. आत जाताना ती डॉक्टरांचा दंड धरून चालली. आपलं दिसत नाही म्हणून धरलाय, असं तिने मला नंतर सांगितलं. पण उजव्या डोळ्याने तिला तेवढं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आईने सगळ्यात आधी माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मला भरून आलं. ती म्हणाली, "तुझे केस पिकलेत. मला कुणी सांगितलं कसं नाही?" घरी आल्यावर तिने पंख्यावरची धूळ पाहिली, गॅसच्या मागची भिंत पाहिली, आणि इतकी वर्षं आपण कसल्या घरात राहतोय हे तिला समजलं. मग मासींच्या जुन्या वह्या मागवल्या आणि दोन दिवस बसून सगळ्या पुन्हा तपासल्या. जिथे अन्याय झाला होता तिथे गुण परत दिले. तेवढ्यात एक खरी चूकही सापडली, जी तेव्हा निसटली होती. तिचे गुण कापले. मासी म्हणाल्या, हे चालणार नाय. आई म्हणाली, चालेल.

उजवा डोळाही पुढच्या वर्षी त्याच डॉक्टरांनी केला. त्या वेळी परीक्षा झाली नाही. उलट त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या पाटीवर 'चिकित्सालय' चुकलं होतं, ते आईने दाखवलं आणि त्यांनी महिन्याभरात पाटी बदलली. ती चांगली पितळी पाटी होती, हळहळ मलाच वाटली.

मासी पुढे मुलाकडे भावनगरला राहायला गेल्या. तिथून आईला मराठीत पत्रं लिहायच्या, प्रत्येक अक्षराला पदर, शब्दांत श्वास घ्यायला जागा. आई पत्र वाचायची, डोळे पुसायची, लाल पेनने तपासायची आणि उत्तरासोबत परत पाठवायची. मासींनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. फोनवर मला म्हणाल्या होत्या, दुसरं कोण माझं पत्र एवढं लक्ष देऊन वाचतं.

आई गेली तेव्हा ऐंशी ओलांडली होती. शेवटच्या दुखण्यातही ती नर्सला इंजेक्शनचा उच्चार शिकवत होती. नेत्रदानाचं तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. डॉक्टरांना तिने विचारलं होतं, की माझ्या डोळ्यांत तू बसवलेली भिंगं आहेत, ती दुसऱ्याला चालतील का. त्यांनी समजावलं, की भिंगं राहू दे, वरचा पारदर्शक पडदा आहे तो बाईंचा स्वतःचा, तो उपयोगी पडतो. मग आई म्हणाली, ज्याला मिळेल त्याला वाचता येत असलं तर बरं. डॉक्टरांनी विचारलं, आणि नसलं येत तर? तिने थोडा विचार केला. "तर शिकायला सोपं जाईल," ती म्हणाली. "सवय आहे त्यांना."

ती गेली त्या सकाळी नेत्रपेढीची माणसं आली तेव्हा त्यांच्याबरोबर डॉक्टरही आले. काम झाल्यावर ते बाहेर माझ्याशेजारी बसून राहिले. दुपारी बुद्धवंदना झाली. आईचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते, काहींचे केस पांढरे. बोलावणारं कुणी नव्हतं, तरी ते आपणहून उंचीप्रमाणे रांगेत उभे राहिले होते.

काही महिन्यांनी मी नेत्रपेढीत फोन करून विचारलं, आईचे डोळे कुणाला मिळाले. तिकडून एका मुलीने नम्रपणे सांगितलं, की दोन माणसांना मिळाले, दोघांनाही दिसू लागलं आहे, पण नावं सांगायची नाहीत असा नियम आहे. नियम म्हटल्यावर आईने पुढे विचारलं नसतं. मीही विचारलं नाही.